दत्तूची तार

ही गोष्ट मी आजवर टाळत आलो. काल सांगलीच्या बाजारात ओल्या खोबऱ्याचा वास आला आणि तेव्हापासून जिवाला चैन नाही.

अंदमानात पलटणीत असताना मी आणि कोरेगावचा दत्तू दोन दिवस एका लहानशा बेटावर सुटीला निघालो. निघताना त्याची तार माझ्या हाती आली: ‘आई सीरियस.’ रजेसाठी अशा खोट्या तारा आम्ही सगळेच घरून मागवायचो. परतल्यावर देऊ म्हणून ती खिशात ठेवली.

वाळूवर शहाळं पीत दत्तू म्हणाला, “आईला एकदा हितं आणायची रं गड्या.”

परतलो तर ती गेल्याची तार आलेली. पहिली उशिरा पोचली, असं मी सांगितलं.

गेल्या महिन्यात खरं सांगायला त्याच्या घरी गेलो. तो सुनेला म्हणाला, “चहा टाक गं. आई गेली तवा ह्यानंच मला सावरलं.”

चहा पिऊन मी उठलो. माफी मागायची राहिली ती राहिलीच.