वळणावरचा हॉर्न

आम्ही नवराबायको परदेशी निघालो त्या सकाळी आई कुंपणाच्या गडग्याशी उभी राहिली आणि बाबांनी जीप वळणावर नेऊन सवयीने हॉर्न दिला. दोन आखूड, एक लांब. आमच्या घराकडून जयगडच्या रस्त्याला लागताना जांभ्या दगडाच्या दोन उंच गडग्यांमधलं हे वळण. पलीकडचं काही म्हणता काही दिसत नाही. मी मागे पाहिलं तोवर आई दिसेनाशी झाली होती. नंतर फोनवर म्हणाली, "हॉर्न ऐकला नि मग आत गेले."

बाबा जयगड ते रत्नागिरी प्रवासी जीप चालवायचे. पोरीला गाडी शिकवतो म्हणून वाडीतल्यांनी नाकं मुरडली, पण त्यांनी मला शिकवलीच. शिकवताना एकच हेका. "बाय, आपल्याला दिसत नाय म्हणजे पलीकडे कोण नाय, असं नसतं. हॉर्न दे." आणि पलीकडे कोणीतरी असायचंच. डोक्यावर पातेऱ्याची, वाळक्या पानांची टोपली घेतलेली काकू, रस्त्यात रवंथ करत बसलेली गाय, आंब्याच्या पेट्यांनी भरलेला टेम्पो. संध्याकाळी तोच हॉर्न ऐकून आई चुलीवर कालवण ठेवायची. घरात घड्याळ होतं, पण आमची जेवणं हॉर्नवर चालायची.

इथे टोरांटोजवळ आलो तेव्हापासून गाडी ह्यांनीच चालवली. मी शेजारी बसून डबा सांभाळायचे. मग मधुमेहाने ह्यांचे डोळे अधू केले आणि पाठोपाठ किडन्यांनी मान टाकली. डायलिसिस सुरू झालं. त्यातून बाहेर येणारा माणूस पिळून ठेवलेल्या कपड्यासारखा होतो, आणि त्या माणसाला धरून मी बर्फात बसस्टॉपवर उभी राहायचे. एकदा ते तिथेच खाली बसले. "उठवत नाही गं," म्हणाले. बस आली आणि निघून गेली. त्या दिवशी मी ठरवलं, लायसन्स काढायचंच.

कोकणातल्या रस्त्यांवर जीप हाकलेली बाई मी, मला कोण नापास करणार, अशा ऐटीत टेस्टला गेले. एका उंच कुंपणाशी वळण आलं आणि माझ्या हाताने हॉर्न दिला. फुटपाथवर कुत्रा फिरवणारे आजोबा दचकून जागच्या जागी थिजले. परीक्षक बाईंनी विचारलं, "त्यांच्यावर रागावलात का?" नापास. दुसऱ्या वेळी मनाला बजावून गेले, हाताला बजावायचं राहिलं. पुन्हा नापास.

मग टेस्टमध्ये आपटी खाल्लेल्या मोठ्या माणसांसाठीचा एक ऑनलाइन वर्ग लावला. स्क्रीनवरच्या प्रत्येक चौकटीत एक ओशाळलेला चेहरा. कोणी स्टॉपच्या पाटीशी पुरतं थांबत नव्हतं, कोणी मान वळवून मागे बघायला विसरत होतं. माझी चूक ऐकून शिकवणारे सर हसले नाहीत. म्हणाले, "इथे हॉर्न म्हणजे शिवी. वळणावर कोणाला काही सांगायचं नसतं. वेग कमी करायचा आणि बघायचं." ते रस्त्याचे व्हिडिओ लावत आणि आपण काय बघतोय, आपले हात काय करताहेत, हे आम्ही मोठ्याने बोलायचं. मी स्वयंपाकघरातलं स्टीलचं ताट स्टिअरिंगसारखं धरून बसायचे. वळण आलं, वेग कमी, आरसा, हात चाकावर. ह्यांना पलंगावरून सगळं ऐकू यायचं. आधी हसले. पुढे माझा अंगठा ताटाच्या मधे, हॉर्नच्या जागी गेला की टण् आवाज व्हायचा, आणि आतून तेच म्हणायचे, "हात चाकावर."

शिकवणी चालू असतानाच बाबा गेले. चुलतभावाचा फोन आला. ह्यांना टाकून मला जाता येईना. दुसऱ्या दिवशी वर्ग होता आणि टेस्ट तोंडावर आली होती. मी ताट घेऊन बसले. बाबांनी हाताला लावलेली सवय मी बाबांच्याच सुतकात मोडत होते. ह्याहून वाईट काही मी आयुष्यात केल्याचं मला आठवत नाही.

तिसऱ्या वेळी पास झाले. हॉस्पिटलमधून ह्यांना पहिल्यांदा गाडीतून आणलं, तेव्हा ते उबेत डोळे मिटून बसले होते. "बाबांना कळवायला हवं," असं सवयीने ह्यांच्या तोंडून निघून गेलं.

पुढे दुसऱ्या शहरात नोकरी करणारी आमची मुलगी सुट्टी काढून ह्यांच्याजवळ राहिली आणि मी गावी गेले. बाबांची जीप आता चुलतभाऊ चालवतो. एका सकाळी त्याच्याकडून ती मागून घेतली आणि जयगडला मासळी आणायला गेले. येताना आपलं वळण आलं. वेग कमी, आरसा, हात चाकावर. आणि वळले तर रस्त्याच्या मधोमध आई, डोक्यावर पातेऱ्याची टोपली. वेग कमी होता म्हणून ब्रेक लागला. जीप तिच्या पातळाला टेकायचीच बाकी होती. टोपली पालथी झाली, पानं रस्ताभर.

आईला मोतीबिंदू झालाय. ती रस्ता कानाने, हॉर्नच्या भरवशावर ओलांडते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी उतरून तिला धरलं. तिने माझा चेहरा चाचपला.

"तू हायस होय? मला वाटलं कोण परकं आलं. आपल्या माणसाची गाडी अशी मुकाट येत नाय गो."

रस्त्यात बसून आम्ही दोघींनी पानं गोळा केली. मी रडत होते. तिला वाटलं, घाबरले असेन.

तुमच्यातले जे तिकडेच राहिले, त्यांना हे कसं सांगू? आणि जे माझ्यासारखे निघाले, त्यांना सांगायची गरज नाही. नवा मुलूख आपल्याला सामावून घेतो, पण आपल्या हातातलं काहीतरी काढून ठेवतो. मला त्याचा राग नाही. त्यामुळेच ह्यांना आज बसस्टॉपवर उभं राहावं लागत नाही. पण घर कुठे, असं विचाराल तर मला ते एकच वळण आठवतं, जिथे आपण येतोय हे आधी सांगावं लागतं, कारण पलीकडे कोणीतरी असतं. इथल्या वळणांवर मी नीट बघते. पलीकडे कोणी नसतं.

आई दर फोनला विचारते, "वळणावर हॉर्न देतेस ना गो?"

"हो आई," मी म्हणते. "देते."