पेलाचाचा आणि न बोलणारी गाडी

गाडी कितीही नवी असो, पेलाचाचा आधी तिच्या डॅशबोर्डवर पाण्याने काठोकाठ भरलेला स्टीलचा पेला ठेवायचे आणि मगच चावी फिरवायचे. आमच्या यार्डाच्या फाटकापासून हमरस्त्यापर्यंत खड्ड्यांचा कच्चा रस्ता होता. तिथवर जाऊन परत यायचं आणि पेल्यात किती पाणी उरलं ते बघायचं. घोटभर सांडलं तर ठीक. जास्त सांडलं तर चालवणारा नापास. गाडीला ते कधीच नापास करत नसत. "गाडीला काय कळतंय? खड्डा ड्रायव्हरला दिसतो," असं म्हणायचे आणि उरलेलं पाणी पिऊन टाकायचे. त्यांच्या इकाम्यावर, म्हणजे इथे राहायच्या परवान्यावर, लांबलचक नाव होतं, पण मुदीर म्हणजे मॅनेजरपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना पेलाचाचाच म्हणत.

आमची कंपनी जेद्दाची. लाल समुद्रातले मासे जिवंत पकडून आणायचे आणि हॅचरीला, मत्स्यालयांना पोचवायचे, हा तिचा धंदा. कोळी दक्षिणेला अल लिथच्या किनाऱ्यावर, आणि टाक्या आमच्याकडे जेद्दात. मधल्या दोनेकशे किलोमीटरच्या तापलेल्या रस्त्यावर मासे जगवायचे, हे चाचांचं काम. त्यासाठी गाड्या निवडायच्या, त्यांच्या डिझेलचा आणि देखभालीचा हिशेब ठेवायचा, हे माझं. नवरा इथल्या एका हॉस्पिटलात डॉक्टर. त्याच्या मागोमाग मी आले, आणि मत्स्यशास्त्राची पदवी कधी नव्हे ती उपयोगी पडली.

चाचा जयगडच्या खाडीकाठचे. मी माणची, म्हणजे दुष्काळी भागातली. हे कळलं तेव्हा ते पोट धरून हसले. "घाटावरची पोर आणि माशांची डॉक्टर! बाय, तुमच्याकडे नळाला पाणी नाय, नि तू इथे समुद्र सांभाळायला आलीस गो?" तेव्हापासून मी त्यांची 'बाय' झाले. बलद या जेद्दाच्या जुन्या वस्तीतल्या एका इमारतीत गावच्या दोघांबरोबर ते खोली करून राहत. शनिवारी कामावर येताना माझ्यासाठी सुक्या जवळ्याची चटणी आणायचे. डबा टेबलावर ठेवून म्हणायचे, "खा. मासा पुस्तकात वाचून कळत नाय."

मासे प्रवासाला निघण्याआधी दोन दिवस उपाशी ठेवावे लागतात. पोट रिकामं असलं की टाकीतलं पाणी घाण होत नाही. चाचा त्याला माशांचा रोजा म्हणत. मासे उपाशी असले की स्वतःही त्यांच्यासमोर चहा प्यायचे नाहीत. टाकीकडे पाठ करून प्यायचे. मी हसले तर म्हणाले, "पावणा आहे तो. घरातून उचलून आणलाय त्याला आपण, बोलावलेला नाय. मग निदान वाटेत तरी हाल नकोत."

त्यांची जुनी गाडी म्हणजे एक खटारा होता. चालू झाली की यार्डाच्या दुसऱ्या टोकाला कळायचं. टाकीत हवा सोडणारा पंप आणि पाणी गार ठेवणारं यंत्र, दोन्ही तिच्या इंजिनावर चालत. त्यामुळे चाचा चहाला थांबोत की नमाजाला, इंजिन कधी बंद करत नसत. पेट्रोलपंपाच्या मशिदीत नमाज पढतानाही त्यांना बाहेरची धडधड ऐकू यायची. "तिकडे ती बोलते, इकडे मी बोलतो. दोघांचं चालू असतं," असं ते सांगायचे.

एके काळी इथे डिझेल पाण्याहून स्वस्त होतं आणि कोणी त्याचा विचार करत नसे. मग भाव चढले. आमचे मुदीर, शिकून आलेला तरुण सौदी माणूस, त्यांनी मला बोलावून सांगितलं, कमी डिझेल खाणाऱ्या गाड्या निवड. मी तक्ता मांडला. गाडीचं वजन, टाकीसकट वजन, किलोमीटर, लिटर, चढ, वारा. अशा कामात माझा हात कोणी धरू शकत नाही, असं मला तेव्हा वाटायचं. तक्त्यातून एक मजेदार गोष्ट निघाली. रस्त्यावर सगळ्यांत कमी डिझेल चाचांच्या खटाऱ्यालाच लागत होतं. ऐंशीच्या वर ते जात नसत, ब्रेक जवळजवळ लावत नसत. मी कौतुक केलं तर म्हणाले, "पाय हलका तर टाकी भरलेली. त्याला मशीन कशाला?" पण ती बचत उभ्या गाडीत जळून जात होती. मी त्या आकड्याभोवती लाल पेनाने गोल काढला.

मग मी नवी गाडी निवडली. हलकी, निम्म्या डिझेलात चालणारी. विकणाऱ्या कंपनीच्या माणसाने विचारलं, "मॅडम, एक सोय आहे. गाडी पाच मिनिटांपेक्षा जास्त उभी राहिली तर इंजिन आपोआप बंद होतं. चालू करून देऊ?" मी हो म्हटलं आणि सही केली. पंप आणि गार करण्याचं यंत्र या गाडीतही इंजिनावरच होतं, हे मला माहीत होतं. मासे भरताना आणि उतरवताना दोन्हीकडे विजेवर पंप चालायचा, आणि वाटेत चहापाण्याला पाच मिनिटं पुरेत, असा माझा विचार. माझ्या तक्त्यात वाऱ्याला रकाना होता, नमाजाला नव्हता. ज्या देशात अजान ऐकून दुकानांची शटरं खाली आलेली मी वर्षानुवर्षं पाहिली, तिथे बसून मी हे विसरले.

चाचांनी नव्या गाडीत पेला ठेवून चक्कर मारली. थेंब सांडला नाही. तरी उतरल्यावर त्यांचा चेहरा काही खुलला नाही. बॉनेटला कान लावून म्हणाले, "बाय, ही बोलत नाय गो. चालू हाय की बंद, मला कसं कळायचं?" मी हसून म्हटलं, "चाचा, नवी सून आहे. हळूहळू बोलेल." पाच मिनिटांची गोष्ट त्यांना तेव्हाच सांगायची होती. तेवढ्यात मुदीरांचा फोन आला आणि मी ऑफिसात गेले. दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं. दुसऱ्या दिवशी आणखी काहीतरी निघालं. पहिले काही आठवडे चाचांचं काही अडलं नाही, कारण मुदीर घाई करायचे आणि ते वाटेत न थांबता येऊन घरीच नमाज पढायचे. मग माझ्याही डोक्यातून ते गेलं.

त्या उन्हाळ्यात हॅचरीने पैदाशीसाठी हामूर जातीचे मोठे मासे मागितले होते. असा मासा जाळ्यात मिळत नाही, गळाला लागावा लागतो, आणि तोही जखम न होता. कोळ्यांनी दोन महिने खपून अकरा जमवले. त्यांतल्या माद्या अंड्यांनी भरलेल्या होत्या. चाचा आदल्या दिवसापासून अल लिथला जाऊन त्यांच्यापाशी बसले होते. मासे आणायच्या दिवशीच गावाकडे त्यांच्या एकुलत्या एका लेकीला बाळंतपणासाठी रत्नागिरीच्या दवाखान्यात नेलं होतं, आणि अडचणीची केस होती.

मासे घेऊन येताना अस्रच्या, म्हणजे दुपार कलतानाच्या नमाजाच्या वेळी ते वाटेतल्या पेट्रोलपंपावर थांबले. गाडी सावलीत लावली, मशिदीच्या दारातून दिसेल अशी. नमाज झाली. मग फोन लावत बसले. लागेना. पुन्हा लावला. शेवटी लागला. मुलगी झाली होती आणि आई सुखरूप होती. चाचांनी शुक्राना म्हणून, आभाराचे, नमाजाचे आणखी दोन रकात पढले, पंपावरच्या दुकानातून आमच्या सगळ्यांसाठी खजुराचा डबा घेतला आणि गाडीत येऊन बसले. गिअर टाकताना त्यांच्या लक्षात आलं की इंजिन बंद आहे. सगळं मिळून पाऊण तास झाला होता.

संध्याकाळी यार्डात गाडी आली तेव्हा ते खाली उतरले नाहीत. मीच झाकण उघडलं. अकराच्या अकरा पोटं वर करून तरंगत होते. चाचा समोर बघत बसले होते आणि मांडीवर खजुराचा डबा होता. म्हणाले, "बाय, नात झाली."

मुदीरांसमोर मी तोंड उघडण्याआधीच ते मुदीरांना कळेल अशा हिंदीत बोलले, "साब, मेरे हाथ से बंद हुई. ध्यान बेटी में था. चाबी मैंने घुमाई होगी." मग माझ्याकडे वळून मराठीत, "मला आठवत नाय गो. पण मीच केली असणार. दुसरं कोण होतं गाडीत?" मी तिथेच उभी होते. दुसरं कोण होतं, ते मला माहीत होतं. मी होते. माझी सही होती. नोकरी जाईल म्हणून बोलले नाही, हे साधं खरं आहे. ते गोड करून सांगण्यात अर्थ नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोणाला न सांगता त्या कंपनीच्या माणसाला बोलावलं आणि ती सोय काढून टाकायला लावली. म्हणजे चूक दुरुस्त करायला मला वेळ मिळाला.

मुदीर चाचांवर फारसे रागावलेही नाहीत. "खलास, झालं गेलं. होतं कधी," म्हणाले. पण चाचांनी पुन्हा चावी हातात घेतली नाही. "ज्या हाताने काय केलं ते मालकाला आठवत नाय, त्या हातात जीव द्यायचे नाय," असं म्हणून त्यांनी कायमचं परत जायचे कागद मागितले. कागद व्हायला तीन आठवडे लागले. तीन आठवडे मी रोज सकाळी ठरवायची की आज सांगेन. विमानतळावर निरोप द्यायला गेले तीही सांगायचं म्हणूनच. चाचांनी पिशवीतून तो पेला काढून माझ्या हातात ठेवला. "आता तू परीक्षा घे गाड्यांची. तुझं डोकं शाबूत आहे." मी पेला घेतला आणि पायाला हात लावायला वाकले. त्यांनी हात मध्येच धरला आणि "जीती रह" म्हणाले.

त्यानंतर दर ईदला मी फोन करायची. दर वेळी ते विचारायचे, "गाडी कशी आहे? बोलते का आता?" मी म्हणायची, चांगली आहे. आता आमच्या घरच्या गाडीचं इंजिनही सिग्नलला आपोआप बंद पडतं. ती शांतता झाली की मी सेकंद मोजू लागते. लेक मागच्या सीटवरून म्हणते, "आई, इट्स जस्ट अ फीचर." स्वयंपाकघरात तो पेला फळीवर आहे. कोणी चुकून त्यात पाणी प्यायलं तर मी खेकसते, आणि मग का खेकसले ते सांगता येत नाही.

चाचा गेल्याचं मला बलदमधल्या त्यांच्या खोलीतल्या माणसांकडून कळलं, तेही महिनाभर उशिरा. गेल्या सुट्टीत पेला पिशवीत घालून मी त्यांच्या गावी गेले. रत्नागिरीहून रिक्षा केली. चाचींनी मला कधी पाहिलं नव्हतं, पण 'बाय' म्हटल्यावर ओळखलं. पेला घेतला, राखेने घासला आणि त्यातच मला पाणी आणून दिलं. अंगणात सहा वर्षांची नात सागरगोटे खेळत होती.

चाची म्हणाल्या, "इथे आला तो वेगळाच. दाराला कडी लावायचा नि मला उठवायचा, बघ गो, मी लावली काय? चूल विझवली काय? ह्या पोरीला किती जीव लावला, पण एकटा घेऊन कधी धक्क्यावर गेला नाय. मागे लागायची, आजा, होडी दाखव. म्हणायचा, माझ्या हाताचा भरवसा नाय, सुटेल."

मग मी सगळं सांगितलं. पाच मिनिटं, सही, तीन आठवडे, सगळे फोन. माझं संपल्यावर चाचींनी अंगणातल्या पोरीकडे बघितलं. "एका फोनावर सांगायचंस गो," एवढंच म्हणाल्या. त्यात राग असता तर मला बरं वाटलं असतं. उठून पेला माझ्या हातातून घेतला आणि म्हणाल्या, "मला सांगून काय करू? वर कबरस्तान आहे. बायका आत जात नायत. गडग्याच्या बाहेर उभी राहा नि त्याला सांग."

मी वर गेले. जांभ्या दगडाचा कमरेएवढा गडगा होता, आत गवत वाढलं होतं आणि कोणती कबर त्यांची ते कळायला काही खूण नव्हती. मी मोठ्याने म्हटलं, "चाचा, चावी तुम्ही फिरवली नव्हती." पुन्हा म्हटलं. काही झालं नाही. काय होणार होतं?

रस्त्यावर रिक्षा उभी होती आणि तिचं इंजिन धडधडत होतं. रिक्षावाल्याने मान बाहेर काढून विचारलं, "ताई, अजून वेळ आहे काय? बंद करतो, फुकटचं पेट्रोल जळतंय."

"नको," मी म्हटलं. "चालू राहू दे."