घोडीचा कायदा

ठाणे स्टेशनाबाहेर एक म्हातारा टांगेवाला उभा असायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. कोर्टात कारकुनीला जाताना मी त्याच्याच टांग्यात बसायचो. निघण्याआधी तो उपरण्याच्या टोकानं घोडीचे डोळे पुसायचा.

घोडी लंगडू लागली तेव्हा एक माणूस तिला मांसासाठी मागू लागला.

"साहेब, घोडं कापायला बंदी हाय का?" टांगेवाल्यानं मला विचारलं.

"गाईबैलांसाठी कायदा करायचं चाललंय. घोड्याचं काही ऐकलं नाही."

"म्हंजे कापलं तर चालतं?"

"तसंही सांगता येत नाही."

"सरकारला ठावं नाय, तुम्हाला ठावं नाय, मग मी एकट्यानं कसं ठरवू?"

काही दिवसांनी स्टँडवर नुसता टांगा दिसला, दांड्या जमिनीला टेकलेल्या. म्हातारा शेजारीच बसला होता.

"घोडी विकलीत?"

"नाय. दारात बांधलीय. त्या माणसाला सांगितलं, कायद्यानं बंदी हाय. कोर्टातले साहेबच बोलले."

तो खोटं बोलला होता, की माझं बोलणं त्याला खरंच तसं कळलं होतं? मी नुसती मान डोलावली आणि पायीच कोर्टाकडे निघालो.