नवरीमागचा धूसर माणूस

लेन्स कोणती घ्यावी हा प्रश्न घेऊन मी जितका हिंडलो, तितका स्वतःचं लग्न जमवतानाही हिंडलो नव्हतो. लग्नाच्या वेळी निदान थोरली माणसं ठरवायला होती. इथे जो भेटेल तो वेगळंच सांगायचा आणि प्रत्येकाचं ऐकून मी अधिकच गोंधळायचो.

राजुरीत रस्त्याला लागून माझा फोटो स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे एक गाळा, धबधब्याचं चित्र असलेला पडदा, एक स्टूल आणि गिऱ्हाइकाला केस विंचरायला आरसा. पासपोर्ट फोटो, बारशी, जावळं आणि लग्नसराईत लग्नं. धंदा बरा चालायचा. पण मी काढलेल्या लग्नाच्या फोटोंत नवरा-नवरीसोबत सगळं जग यायचं. नवरीच्या कानाशेजारी पाण्याचा टँकर, नवऱ्याच्या डोक्यात मंडपाचा बांबू घुसलेला, आणि मागे कुणीतरी पाहुणा निवांत दात कोरत उभा. मला चिडायला फारसं निमित्त लागत नाही, आणि हे तर दर लग्नात होतं.

मग एकदा पुण्यात कॅमेऱ्याच्या दुकानात एक कॅलेंडर पाहिलं. त्यावर एका मुलीचा चेहरा होता, पापणीन् पापणी मोजावी इतका स्वच्छ. आणि मागे काहीच नाही. म्हणजे काहीतरी होतं, पण ते विरघळून नुसता रंग झालं होतं. मी दुकानदाराला विचारलं, हा कुठला पडदा? तो हसला. "पडदा नाही हो. फिक्स लेन्सचं काम आहे. बॅकग्राउंड आऊट." तिथून माझं डोकं फिरलं.

त्याच वर्षी माझ्या भाचीचं लग्न ठरलं. आक्काची, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची, ही एकुलती एक मुलगी. आक्काचं सासर महाळुंगे पडवळला. भाचीनं मला आधीच बजावलं, "मामा, माझ्या फोटूत खुर्च्यांची चळत नकोय. मागचं कायबी दिसायला नको." मी म्हटलं, तू निर्धास्त राहा.

आक्काची मागणी वेगळी होती. भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर तिनं मला हाताला धरून भिंतीपुढे उभं केलं. भिंतीवर फ्रेमांची रांग होती. सासरे, सासू, थोरले दीर, दिराचा फौजेतला मुलगा, झाडून सगळे सासरचे. "बघ," ती म्हणाली, "माझ्या म्हायेराचं हितं कोन हाय का? भाऊ फोटूग्राफर, आन् भावाचा एक फोटू न्हाई माझ्या घरात. लग्नात तुझा चांगला फोटू पायजे मला, पोरीसंगट. म्हायेराचं एक तरी तोंड दिसू दे भित्तीवर."

तिचं खरं होतं. मी कायम कॅमेऱ्याच्या मागे, त्यामुळे फोटोत कुठून येणार? आणि आई-आबांचा तर एकही फोटो नव्हता. आबा मेंढरं राखायचे. दिवाळी झाली की कळप घेऊन कोकणाच्या अंगाला उतरायचे ते आखाडाच्या सुमाराला परत. जत्रेत फोटोवाला यायचा तेव्हा आबा नेमके रानात असायचे. मी कॅमेरा हातात धरायच्या आधीच ते गेले. आई त्यांच्याही आधी. आबांचं मला आठवतं ते म्हणजे लाल पागोटं, खांद्यावर घोंगडी आणि झोळीतलं एखादं नुकतं जन्मलेलं कोकरू. चेहरा आठवायला गेलो की मात्र निसटतो. हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

तर लेन्स. दुकानदारानं काचेच्या कपाटातून काढून तीन लेन्स माझ्यापुढे मांडल्या. पन्नास एमेमची एक, पन्नासचीच पण महागडी दुसरी, आणि पंच्याऐंशीची तिसरी. यांतली एकही झूम होत नव्हती. जी लेन्स पुढे-मागे काहीच करत नाही ती जास्त महाग का, हे मला आधी कळेना. मग आकड्यांचा उलटा कारभार. ॲपर्चरचा, म्हणजे लेन्समधल्या भोकाचा, आकडा जितका लहान तितकं भोक मोठं, आणि भोक जितकं मोठं तितकं मागचं धूसर. मी तिथेच बोटं मोजत उभा राहिलो. दुकानदार म्हणाला, महागडीचा धूसरपणा लोण्यासारखा असतो. दुसरं एक गिऱ्हाईक म्हणालं, काही नाही हो, स्वस्तवाली तेवढंच काम करते. तिसरा म्हणाला, चेहऱ्यासाठी पंच्याऐंशीशिवाय दुसरं बघूच नका. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत. शेवटी दुकानदाराला माझी दया आली. माझी झूम लेन्स ठेवून घेऊन त्यानं स्वस्तातली पन्नासची आणि पंच्याऐंशीची, अशा दोन लेन्स मला वापरून बघायला दिल्या.

घरी आल्यावर बायकोला टोमॅटोच्या वावराच्या कडेला उभी केली. टोमॅटोचे सुतळी-बांबू दिसेनासे होतात का, हे बघायचं होतं. एकदा पन्नासची, एकदा पंच्याऐंशीची. पंच्याऐंशीची लावली की चेहरा इतका जवळ यायचा की मला मागे मागे सरकावं लागायचं. सरकता सरकता मी पाटात पडलो. कॅमेरा वर धरला म्हणून वाचला, माझी पँट मात्र कमरेपर्यंत भिजली.

बायको हसून हसून खाली बसली. "अवो, ह्या लेन्सीत मागचं कायच दिसत न्हाई म्हनता. उद्या उसातनं बिबट्या येऊन माझ्या मागं हुभा राह्यला, तरी तुमी आपले फोटूच काढत बसाल."

"बिबट्या आला तरी छान धूसर येईल," मी रागानं म्हटलं.

रोजरोज उभं राहून ती कंटाळली. म्हणाली, द्या इकडं, मी काढते. फोकसची रिंग कशी फिरवायची तेवढं मी तिला दाखवलं आणि तिनं आमच्या शेळीचा फोटो काढला. रोल धुवून आला तेव्हा माझ्या निम्म्या फोटोंत फोकस नाकावर नाहीतर कानावर. शेळीचे डोळे मात्र लख्ख, आणि मागचा गोठा पार विरघळलेला. तो फोटो पंच्याऐंशीचा होता. एका शेळीनं माझा निर्णय केला, असं बायको अजून चारचौघांत सांगते. मी पंच्याऐंशीची घेतली. घेतल्यावरही महिनाभर वाटत राहिलं की पन्नासची बरी होती.

लग्न आक्काच्या दारातच, मोठ्या मंडपात. सकाळपासून मीच फोटो काढत होतो. हळद, सीमांतपूजन, जेवणाच्या पंगती. मामा म्हणून मला फेटा बांधला. लालभडक. आयुष्यात एवढा एकदाच बांधला, आणि कॅमेऱ्याला डोळा लावताना तो सारखा आडवा येत होता. मग मंगलाष्टकांची वेळ झाली आणि माइकवाला ओरडायला लागला, "नवरीचे मामा नवरीच्या मागं या! मामा कुठायत?"

हे मला ठाऊक होतं आणि मी तयारीही केली होती. आक्काला हवा असलेला फोटो हाच. अक्षता पडत असताना पुढे भाची, मागे मामा. कॅमेरा मी बायकोच्या गळ्यात घातला. सगळं लावून दिलं होतं. "अंतरपाटाच्या कडेला उभी राहा. नवरीच्या डोळ्यावर फोकस धर. बाकी कशालाही हात लावू नको," असं तिला बजावलं आणि जाऊन भाचीच्या मागे उभा राहिलो. दोन्ही बाजूंनी करवल्या घुसल्या, म्हणून मी आणखी थोडा मागे सरकलो. भटजींचा आवाज चढला. भाचीचे खांदे हलत होते, ती रडत होती. बायकोनं चटाचट फोटो काढले.

नारायणगावच्या लॅबमधून प्रिंट आल्या त्या मी काउंटरवरच उघडल्या. भाची अशी आली होती की कॅलेंडरवाल्यानं बघावं. डोळ्यांतलं पाणी, नाकातल्या नथीचा मोती, कपाळावर चिकटलेली एक अक्षता. आणि मागे एक लाल डाग. त्याच्याखाली मळकट पांढरा आकार. आधी मला कळलंच नाही की तो मी आहे. मग फेट्यावरून कळलं. मागचं काहीच दिसू नये म्हणून एवढा आटापिटा केला होता, आणि मागे मीच उभा होतो. मामा नवरीच्या मागे उभा राहतो हे मला लहानपणापासून माहीत. मागचं धूसर होतं हेही आता माहीत. या दोन गोष्टी एकत्र करायला डोक्यात जागाच उरली नव्हती. सगळ्या प्रिंट बघितल्या. सगळ्यांत तेच.

"तुमीच म्हनला व्हता, कशाला हात लावू नगं," बायको म्हणाली.

आक्काला काय सांगायचं हे ठरवत मी बरेच दिवस काढले. शेवटी उपाय सापडला. अल्बम द्यायला जायचं, कॅमेरा बरोबर न्यायचा आणि तिच्या अंगणात बायकोकडून माझा एकट्याचा स्वच्छ फोटो काढून घ्यायचा. भाचीसोबत नाही तर नाही, पण तोंड तरी दिसेल. नवा शर्ट घालून मी बायकोसह महाळुंग्याला गेलो.

आक्का ओसरीवर बसून अल्बम चाळत होती. त्या फोटोशी आली आणि थांबली. मी लगेच सुरू झालो. आक्का, ते भोक मोठं असलं की पुढचं तेवढं दिसतं, मी काय सांगितलं होतं, हिनं काय केलं. ती ऐकतच नव्हती. उठली, अल्बम घेऊन दारात उजेडाला गेली. फोटो डोळ्यांजवळ धरला.

"हे आबा हायेत," ती म्हणाली.

मला वाटलं तिला चक्कर येतेय. "आक्का, तो मी आहे. फेटा बांधलेला."

"आरं बघ की. उजवा खांदा बघ. मान बघ कशी केलीय. आबा कोकराची झोळी घेऊन असंच हुभं राहायचं. येशीतनं आत यायच्या आदी थांबायचं न्हाई का, तसंच."

मी बघितलं. उजवा खांदा जरा खाली होता खरा. दिवसभर कॅमेऱ्याची बॅग त्याच खांद्यावर होती. लाल डाग होता, मळकट पांढरं काहीतरी होतं. आबा होते का? मला दिसले आणि पुन्हा दिसले नाहीत. मी रडायला लागलो, ते कशासाठी हे तेव्हा सांगता आलं नसतं आणि आताही येत नाही.

डोळे पुसून मी कॅमेरा काढला. "चल, अंगणात उजेड चांगला आहे. माझा एक स्वच्छ काढून घेऊ, तो लाव भिंतीवर."

"दुसरा नगं काढू," आक्का म्हणाली. "तोंड दिसलं की मग तू व्हशील."

तिनं तोच फोटो मोठा करून मागितला. मी करून दिला. सासरच्या रांगेत, सासऱ्यांच्या शेजारी तो लागला. पितृपक्षात ती त्याला हार घालायला निघाली तेव्हा भाचीनं सासरहून फोनवर आकांत केला, "आई, त्यात मी हाय! मी आन् मामा जिवंत हाय!" मग तोडगा निघाला. हार नाही, फ्रेमखालच्या फळीवर नुसतं एक फूल.

लोक अजून विचारतात, मागचं धूसर करायला कुठली लेन्स घ्यावी. मी काय सांगणार? माझी पंच्याऐंशीची अजून आहे आणि माझं अजून ठरलेलं नाही.

मध्ये एकदा आक्काकडे बसलो होतो. तिच्या सासरच्या नात्यातले एक म्हातारे पाहुणे आले. मला पहिल्यांदाच बघत होते; हा माझा भाऊ, एवढंच आक्कानं त्यांना सांगितलं. भिंतीवरच्या फ्रेमा बघता बघता त्यांनी विचारलं, "नवरीच्या मागं कोन?"

"माझं वडील," आक्का म्हणाली.

म्हाताऱ्यांनी फोटो बघितला, मग खाली बसलेल्या मला बघितलं, मग परत फोटो. "पावणं," ते म्हणाले, "तुमी अगदी वडलांवर गेलाय राव."

असं मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. मी कपबशी खाली ठेवली आणि म्हणालो, "व्हय."