कोरड्या विहिरींच्या अक्का

"हे कुणी बघितलं?"

स्क्रीनवरच्या कुठल्याही आकड्यावर बोट टेकवून अक्का एवढंच विचारायच्या. मी म्हणायचे, "सर्व्हरवरून आलंय, अक्का." त्यावर त्या म्हणायच्या, "सर्व्हरला डोळे आहेत होय?" आणि माझा जळफळाट व्हायचा.

आपल्या भागातली हवा, पाणी, झाडं कशी आहेत हे सांगणारी एखादी वेबसाइट तुम्हीही कधी उघडली असेल. लाल-हिरवे बाण असतात, खाली बारीक अक्षरांत महिना. बंगळुरूच्या एका छोट्या संस्थेत मी ते बाण काढायचे. सरकारी खात्यांनी जाहीर केलेले आकडे आणि आमच्या माणसांनी जाऊन घेतलेल्या नोंदी एकत्र करायच्या, आणि बाण वर की खाली ते ठरवायचं. मी पुण्याची, त्यात संख्याशास्त्र शिकलेली, सर्जापूर रोडवर बाराव्या मजल्यावर राहणारी. मला सगळं कळतं याबद्दल निदान माझ्या मनात तरी शंका नव्हती.

अक्का आमच्यासाठी शहराच्या पूर्वेला, महादेवपुऱ्याकडच्या जुन्या विहिरींची पाणीपातळी मोजायच्या. मूळच्या निपाणीकडच्या, लग्न करून राजाजीनगरात आलेल्या. घरात मराठी, दाराबाहेर कानडी. पिशवीत वजन बांधलेली लांब टेप, खडू, वही आणि चिरमुऱ्यांचा डबा. टेपच्या टोकाला खडू फासून ती विहिरीत सोडायची. वर काढल्यावर खडू जिथपर्यंत भिजला असेल तिथपर्यंत पाणी.

एकदा एका विहीरमालकाने फोनवरच सांगून टाकलं, "मागच्या महिन्याएवढंच आहे, अक्का, उगाच कशाला येता?" अक्का दोन बस बदलून गेल्या. पातळी खरंच तेवढीच निघाली. मी जरा खवचटपणेच विचारलं, "मग काय मिळवलंत?" म्हणाल्या, "त्याच्या बायकोनं जेवायला घातलं की. तू काय मिळवलंस बसल्या जागी?"

मग आला वार्षिक अहवाल. पूर्व भागाच्या भूजलापुढे मी हिरवा बाण काढला. पातळी सुधारली होती. मी खुशीत सगळ्यांना म्हैसूरपाक वाटला. अक्कांनी तुकडा हातात घेतला आणि स्क्रीनपुढे बसल्या.

"माझ्या सात विहिरी कुठायत गं?"

"त्या आटल्यात ना, अक्का. आकडाच नाही. रिकामी जागा सरासरीत धरत नाहीत."

"म्हणजे आटल्या त्यांना बाहेर काढलंस, आणि उरलेल्यांत पाणी बरं आहे म्हणालीस." त्यांनी तुकडा तसाच कागदावर ठेवला. "नापास पोरांची नावं खोडून निकाल चांगला लावलास की."

माझं तोंड एवढंसं झालं. शिकलेली मी, आणि ही चूक माझ्या ध्यानात येऊ नये?

अक्कांना मात्र बाणापेक्षा दुसरीच काळजी होती. पुढच्या महिन्यापासून विहिरींवर सेन्सर बसणार होते, तेही फक्त पाणी असलेल्या. त्या सात विहिरींचं नाव यादीतून कायमचं जाणार होतं. त्या थेट मॅनेजरांच्या टेबलाशी जाऊन उभ्या राहिल्या. मॅनेजर सभ्य गृहस्थ. ते म्हणाले, "डेटा ही नहीं है, तो दिखाएँगे क्या?"

"डेटा है, सर," अक्का आपल्या कानडी वळणाच्या हिंदीत म्हणाल्या. "पानी नहीं है."

खरं सांगते, मी आधी गप्पच बसले होते. हे वाक्य ऐकलं आणि लाज वाटली. उठून सांगितलं की चूक माझी आहे, अहवाल दोन दिवस थांबवा. हिरव्या बाणाचा लाल झाला. सात विहिरी यादीत राहिल्या, पण अटीवर: दर महिन्याला जाऊन बघणारं माणूस असेल तोवरच.

त्यानंतर मी एकदा अक्कांबरोबर गेले. अपार्टमेंटांच्या मागे एक बैठं घर होतं, अंगणात पत्र्याने झाकलेली विहीर. टेप खाली गेली आणि वजन दगडावर टक्कन आपटलं. घरातली अज्जी दारातूनच पाण्याचं विचारत होती, "नीरु?"

"इल्ला, अज्जी."

नाही म्हटल्यावर अज्जी आत गेली. अक्कांनी वहीत तारीख लिहिली, वेळ लिहिली, पुढे सुवाच्य अक्षरात लिहिलं: कोरडी. मी म्हटलं, "कोरड्या विहिरीची वेळ कशाला?" म्हणाल्या, "आजारी माणसाचा ताप लिहून ठेवतीस तेव्हा वेळ लिहितीस का नाही? तसंच हे."

गेल्या वर्षी अक्का गेल्या. चार दिवसांचा ताप, बस. एवढी धडधाकट बाई अशी जाईल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. त्यांच्या खणात टेप आणि वही होती. मॅनेजर हळूच म्हणाले, "वो सात अब निकाल दें?" मी म्हटलं, "मैं जाऊँगी." का म्हटलं कोण जाणे. पहिले काही महिने तर मी मनातल्या मनात अक्कांना शिव्याच घातल्या. आउटर रिंग रोडचा ट्रॅफिक, डोक्यावर ऊन, आणि सातही ठिकाणी एकच शब्द लिहायचा.

यंदा अज्जीच्या घराशेजारच्या तळ्यातला गाळ निघाला, तळं भरलं. परवा मी पत्रा सरकवून टेप सोडली. वजन आपटलं, पण आवाज वेगळा आला. वर काढली तर चार बोटं खडू भिजलेला. मी पुसून, पुन्हा खडू फासून पुन्हा सोडली. पुन्हा चार बोटं.

"नीरु?" अज्जी दारातून.

"इदे, अज्जी. स्वल्प." आहे, थोडंसं.

ती आधी आलीच नाही. मग भिंतीला धरत धरत आली आणि कठड्यावर वाकून बघत राहिली. मी वहीत तारीख लिहिली, वेळ लिहिली, आकडा लिहिला. डोळे भरून आले होते, अक्षर वेडंवाकडं आलं. आणि हात सवयीने फोनकडे गेला, अक्कांचा नंबर लागलासुद्धा.

तो नंबर आता दुसऱ्याच कुणाचा तरी झाला आहे. पलीकडून एका माणसाने कोण म्हणून विचारलं, "यारु?"

चुकून लागला म्हणून फोन ठेवायला हवा होता. मी माझ्या मोडक्या कानडीत म्हणाले, "बाविगे नीरु बंदिदे." विहिरीला पाणी आलंय.

तो म्हणाला, "तुंबा संतोष, अक्का."

खूप आनंद झाला, अक्का.