कणकेला दिलेलं इंजेक्शन

आधीच सांगते, माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर त्याहून वाईट. शाळा चौथीपर्यंतच झाली, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ चुकले तर सांभाळून घ्या. हे कुणी वाचेल असं वाटत नाही, पण वाचलंच तर माफी आधी मागितलेली बरी. कागदही माझे नाहीत. एका बाजूला कसल्यातरी लोखंडी तुकड्यांची मापं छापलेली आहेत, कोरी बाजू तेवढी माझी. हे कागद आमच्या मॅडमनी दिले आणि लिहायचंही त्यांच्याबद्दलच आहे. तर पहिली गोष्ट ही, की शेंगदाण्याला इतकं घाबरणारं आणि बाकी कशालाच न घाबरणारं माणूस अख्ख्या पिंपरी-चिंचवडमध्ये दुसरं सापडणार नाही.

मॅडम चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत तपासणीचं काम करतात. सव्वीस वर्षं एकच काम. समोर आलेली वस्तू बरोबर आहे का बघायचं, नसली तर तिला लाल चिठ्ठी लावून बाजूला ठेवायचं. कंपनीची बस त्यांना संध्याकाळी रहाटणीच्या चौकात उतरवते, पण ही सवय काही बसमध्ये राहत नाही, ती त्यांच्याबरोबर जिना चढून तिसऱ्या मजल्यावर येते. घरात एकट्याच. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठ्या, तरी मला मावशी म्हणतात. मी त्यांच्याकडे स्वयंपाकाचं काम मागायला गेले तेव्हा पगाराचं, सुट्टीचं काहीच बोलल्या नाहीत. दारातच थांबवून विचारलं, सकाळी काय खाल्लंत? मी म्हटलं, पोहे. "शेंगदाणे घालून?" मी म्हटलं, मग कसे? झालं. मला बेसिनकडे नेलं, साबण दिला आणि घड्याळ घेऊन शेजारी उभ्या राहिल्या. हात दोनदा धुतले, चूळ भरली, तेव्हा कुठे मला खुर्ची मिळाली. पहिल्या दिवशी केलेली पोळीसुद्धा त्यांनी कंपनीतल्या मापानं कडेला आणि मध्ये मोजून बघितली. म्हणाल्या, "मध्ये थोडी जाड आहे, पण चालेल. ओके."

आता शेंगदाणा वगळून स्वयंपाक करा म्हणणं सोपं आहे. आपल्याकडे कूट कशात नसतं? भाजीत, आमटीत, कोशिंबिरीत, चटणीत. फोडणी बसली की माझा हात आपोआप कुटाच्या डब्याकडे जातो, आणि मॅडमच्या स्वयंपाकघरात तो हवेतच थांबायचा. पहिल्या उपवासाला मी साबुदाण्याची खिचडी कुटाशिवाय केली आणि ती खाऊन देवाची मनात माफी मागितली. त्या मात्र वाटी पुसून उठल्या. घरातल्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी. काय आहे, कधी आणलं, कोणी उघडलं. खाली वाण्याकडे गेल्या की आधी विचारणार, साखरेचं माप आणि दाण्यांचं माप एकच का? वाणी लांबूनच मॅडम दिसल्या की पोऱ्याला म्हणायचा, माप बदल रे, तपासणी आली. संक्रांतीला शेजारणी तिळगूळ घेऊन येतात. मॅडम तो नाकारत नाहीत. पिशवीचं तोंड उघडून पुढे धरतात, आत टाकायला लावतात, लाल चिठ्ठी लावतात आणि खाली वॉचमनला पाठवून देतात. वर शेजारणीला सांगतात, "गोड बोलते, खात मात्र नाही."

हे सगळं मी काळेवाडीतल्या आमच्या चाळीत सांगितलं की बायका हसून लोळायच्या. मीही हसायचे. पुढचं मात्र कुणाला सांगितलं नव्हतं. लहानपणी दाणे खाल्ले की मॅडमच्या अंगावर गांधी उठायच्या, ओठ सुजायचे. आई म्हणायची पित्त आहे, आणि आमसुलाचं पाणी चोळायची. चोळण्यानं नाही, पण आपोआप उतरायचं. मोठेपणी कंपनीच्या कॅन्टीनमध्ये एकदा कोशिंबिरीचे दोन घास खाल्ले आणि ताटावरच कोसळल्या. दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, ही ॲलर्जी आहे, पित्त नाही, पुढच्या वेळी श्वासच बंद होऊ शकतो. तेव्हापासून दोन वर्षं त्या डबा घेऊन कंपनीच्या जिन्याखाली एकट्या जेवायच्या. लग्नाला गेल्या तर आहेर देऊन जेवणाच्या आत परत. कुडत्यांना मीच दोनदा कडेनं टाके घातले, इतक्या वाळल्या. कुणाचा वाढदिवस असला आणि केक आला की मी संडासात जाऊन बसायचे, असं त्यांनी मला एकदा भाजी निवडताना सांगितलं. हसत सांगितलं, पण हातातली मेथी तशीच राहिली.

डॉक्टरांनी त्यांना इंजेक्शनची दोन पेनं घ्यायला लावली होती. बाहेरच्या देशातून मागवावी लागतात. टोपण काढायचं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला जोरात दाबायचं, सुई आपोआप आत जाते. एकानं भागलं नाही तर थोड्या वेळानं दुसरं. ही पेनं सतत जवळ ठेवायची असं बजावलं होतं. पण प्रत्येक गोष्ट नियमानं करणाऱ्या मॅडमनी ती कपाटात, शालीच्या घडीत ठेवली होती. का, तर जवळ ठेवली की वापरायची वेळ येईल असं वाटतं. पुढच्या तपासणीला डॉक्टर रागावले. म्हणाले, पेन कमरेला लावा आणि घरातल्या एका माणसाला शिकवून ठेवा. घरातलं माणूस म्हणजे मी. मी तर नातवाला टोचायचं असलं तरी दवाखान्याच्या बाहेर उभी राहते.

मग सुरू झाला सराव. डॉक्टरांनी सुई नसलेलं एक खोटं पेन दिलं होतं. मॅडमनी पायऱ्यांची चित्रं काढून फ्रीजवर लावली. कंपनीत आग लागल्याचा खोटा सराव करतात, तसा करायचा म्हणाल्या. त्यासाठी एक शिट्टी आणली. मी कणीक मळत असो नाहीतर कुकर उतरवत असो, ती वाजली की मॅडम सोफ्यावर आडव्या, आणि मी हातातलं टाकून धावायचं. पहिल्यांदा शिट्टी वाजली तेव्हा मी तोंडावर पदर घेऊन ओट्याला टेकले. दुसऱ्यांदा टोपण निघेना. तिसऱ्यांदा मला रडू आलं. मॅडम पडल्या पडल्या एक डोळा उघडून, घड्याळ बघून म्हणाल्या, "तीन मिनिटं बावीस सेकंद. मावशी, मी गेले."

खरं सांगायचं तर कुणी बघत असलं की माझे हात चालत नाहीत. म्हणून एका रविवारी सकाळी मॅडम आंघोळीला गेल्यावर मी ठरवलं, आपण एकटीनंच सराव करू. सरावाचं पेनही कपाटात खऱ्यांच्याच शेजारी असायचं, तिथून एक घेतलं. मांडी म्हणून समोर कणकेचा गोळा होता, चांगला मऊ, मांडीसारखाच. टोपण काढलं, मनात देवाचं नाव घेतलं आणि दाबलं. खटकन आवाज झाला आणि हाताला असा धक्का बसला की मला कळून चुकलं. कणकेत ओला ठिपका होता. खोट्या पेनातून ओलं काही येत नाही. त्या एका पेनाची किंमत त्यांच्याकडच्या माझ्या चार महिन्यांच्या पगाराएवढी, हे मला माहीत होतं. त्याहून वाईट म्हणजे मॅडमचा जीव ज्या दोन पेनांवर होता, त्यातलं एक मी पोळ्यांना दिलं होतं.

मॅडम बाहेर आल्या तेव्हा मी दारामागे रडत होते. त्या ओरडल्या नाहीत. बॅटरी आणली, कणीक तपासली, तिचा फोटो काढला. मग कंपनीत काही बिघडलं की करतात तसं, खुर्ची घेऊन माझ्यासमोर बसल्या आणि एकामागून एक विचारायला लागल्या.

"का उडालं?"

"मी दाबलं म्हणून."

"का दाबलं?"

"सराव करत होते."

"मग सरावाचं का नाही घेतलं?"

"दोन्ही सारखीच दिसली, मॅडम."

"का सारखी दिसली?"

  हे विचारून त्या स्वतःच उठल्या आणि दोन्ही पेनं शेजारी शेजारी ठेवून बघत राहिल्या. मिठाच्या डब्यावर चिठ्ठी, फ्रीजच्या दारावर चिठ्ठी, शिट्टीला सुद्धा चिठ्ठी, आणि या पेनांवर मात्र काहीच लावलं नव्हतं. "मावशी," त्या म्हणाल्या, "आमच्याकडे माणसाला दोष देत नाहीत, पद्धतीला देतात. इथे पद्धत माझी होती." त्या दिवशी एकावर लाल अक्षरात खरे आणि दुसऱ्यावर खोटे अशी चिठ्ठी लागली. कणीक टाकून दिली आणि आम्ही दोघींनी भात खाल्ला.

पैसे घ्यायला त्या तयार नव्हत्या, आणि न देता मला झोप लागली नसती. तीन आठवडे वाद चालला. शेवटी ठरलं की महिन्याला पाचशे द्यायचे, पण एका अटीवर. ज्या दिवशी पाचशे देईन त्या दिवशी एक शिट्टी. हप्ता तसा सराव. मला वाटतं ही अट त्यांनी माझ्यासाठी घातली, आणि तोंडानं मात्र म्हणाल्या, "व्याज समजा." नवं पेन आलं. महिन्यामागून महिने गेले. तीन मिनिटांचं दीड मिनिट झालं, दीडचं चाळीस सेकंद. मॅडमनी पेनं कमरेच्या पिशवीत बांधायला सुरुवात केली. आणि एक दिवस धीर करून म्हणाल्या, की आमच्या विभागातल्या तीन पोरींना रविवारी जेवायला बोलावते. कोसळल्यापासून त्यांच्या घरी जेवायला कुणी आलं नव्हतं.

त्या दिवशी मी पुरी-भाजी केली होती. पोरी येताना काजू कतलीचा खोका घेऊन आल्या. मॅडमनी खोका उलटापालटा करून वाचला. काजू, साखर, तूप. बाकी काही लिहिलेलं नव्हतं. पोरींची तोंडं बघून त्यांनी अर्धी वडी तोंडात टाकली. स्वस्त काजू कतलीत काजूच्या जागी दाणे वाटून घालतात, हे आम्हाला नंतर कळलं. जन्मभर चिठ्ठीवर विश्वास ठेवलेल्या बाईला चिठ्ठीनंच फसवलं.

मी पुऱ्या तळत होते. मॅडमचा आवाज थांबला म्हणून मागे बघितलं, कारण मॅडम कुणाला काही समजावत असताना मध्ये थांबत नाहीत. त्या घसा खाकरत होत्या. मान लाल झाली होती. शिट्टी वाजली नाही. उलट माझ्याकडे बघून बसक्या आवाजात म्हणाल्या, "काही नाही मावशी, पित्त असेल. आमसूल द्या जरा."

इतके सराव केलेल्या बाईच्या तोंडी ऐन वेळी आईचंच औषध आलं. एक पोरगी पाणी आणायला धावली, दुसरी म्हणाली आधी गोळी द्या. मी गॅस बंद केला. त्यांचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. मी म्हटलं, "मॅडम, झोपा." या आवाजात मी माझ्या मुलांशी सुद्धा कधी बोललेले नाही. त्या झोपल्या. पिशवीतून लाल अक्षराचं पेन काढलं, टोपण काढलं, सलवारीवरूनच मांडीला दाबलं. खटकन. तोच आवाज, तोच धक्का, कणकेत झाला होता तोच. म्हणून माझा हात दचकला नाही, तिथेच राहिला, आणि मी दहा आकडे मोजले. खोट्या पेनानं हे मला कधीच शिकवलं नसतं. एका पोरीला एकशे आठला फोन लावायला सांगितलं, पायाखाली उशा दिल्या, दुसरं पेन हातात धरून बसले. ते लागलं नाही. काही मिनिटांत श्वास मोकळा झाला, आणि पहिलं वाक्य आलं, "वेळ किती लागला?"

मी म्हटलं, मोजला नाही. मॅडमनी डोळे मिटून घेतले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलेलं मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. ॲम्ब्युलन्स आली तेव्हा आता बरं वाटतंय म्हणून उठायला बघत होत्या. मी फ्रीजवरच्या चित्रांकडे बोट दाखवलं. शेवटच्या चित्रात दवाखाना होता, त्यांनीच काढलेला. मुकाट्यानं गेल्या, दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आल्या. मी या पेनाचे पैसे विचारले तर म्हणाल्या, "ते वाया गेलं होतं मावशी, हे कामाला आलं."

मला वाटलं आता या घरातून बाहेर पडणार नाहीत. झालं उलटंच. ज्याची दोन वर्षं भीती होती ते येऊन गेलं होतं, आणि त्या सोफ्यावरून उठून बसल्या होत्या. डबा अजून माझाच नेतात, पण जिन्याखाली बसत नाहीत, कॅन्टीनमध्ये पोरींच्या मधोमध बसतात. लग्नात पंगत संपेपर्यंत थांबतात. त्या तीन पोरींना घरी बोलावून मलाच शिकवायला लावलं. मी लाजून मान वर केली नाही, पण कणकेच्या गोळ्यावर खोटं पेन कसं दाबायचं ते दाखवलं. एकीनं विचारलं, हे तुम्हाला कुणी सुचवलं? मॅडम म्हणाल्या, "ती आमच्याकडची जुनी पद्धत आहे."

पुढच्या वर्षी त्या निवृत्त होणार आहेत. नंतर बहिणीकडे नाशिकला जातील. बहिणीला कणकेवर शिकवायला मला दोन दिवस तिकडे यायला सांगितलंय.

गेल्या रविवारी मी शेवटचे पाचशे दिले. मॅडमनी नोट सवयीनं उजेडात धरून बघितली. फ्रीजवरच्या हप्त्यांच्या कागदावर शेवटच्या चौकोनात खूण केली, खाली तारीख घातली, सही केली. म्हणाल्या, "पूर्ण झाले, मावशी."  हप्ता तसा सराव, असं ठरलं होतं, आणि हप्ते आता उरले नव्हते. मी ओट्याकडे वळून कणीक भिजवायला घेतली. थोड्या वेळानं मागे शिट्टी वाजली. माझ्याकडे त्यांचं एक पैशाचंही देणं राहिलेलं नव्हतं. हात पिठाचे होते, तशीच धावले.