पोटाचा व्यायाम, एक दिवस आड

माझी धाकटी मुलगी अकरा महिन्यांची झाली तेव्हा मी परत कामावर रुजू झाले. मोहर्लीच्या गेटवर मी जंगल सफारीची गाईड आहे. दोन बाळंतपणांच्या सुट्ट्या सोडल्या तर लग्नाआधीपासून हेच काम करते. वर्दीची पँट कमरेला लागत नव्हती, म्हणून सासूबाईंनी मागच्या बाजूला कापडाचा तुकडा जोडून दिला होता. वरून शर्ट सोडला की दिसायचा नाही.

पहिल्याच आठवड्यात सकाळच्या फेरीला पुण्याचं एक कुटुंब आलं. त्यातल्या आजीबाई माझ्या मागच्या सीटवर बसल्या होत्या. रस्ता खडबडीत, मी दांडीला धरून उभी होते. त्यांनी माझ्या पाठीला हात लावला आणि फार मायेनं विचारलं, "कितवा महिना गं?"

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं.

"पाचवा," मी म्हणाले.

का म्हणाले, ते आजही नीट सांगता येत नाही. नाही म्हटलं असतं तर त्या बिचाऱ्या ओशाळल्या असत्या, आणि त्याहून जास्त मी. त्यानंतर पूर्ण फेरीभर त्यांनी मला उभं राहू दिलं नाही. ड्रायव्हरला चार वेळा सांगितलं, गाडी हळू घे. उतरताना दोन संत्री माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, सोलून लगेच खा. ड्रायव्हर आमच्याच गावचा, माझी दोन्ही मुलं त्याच्या अंगाखांद्यावर खेळलेली. त्यानं सगळं ऐकलं होतं. गेटवर गाडी लावताना माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "बाई, संत्रं खाऊन घ्या." एवढंच. हा किस्सा त्यानं कोणालाही सांगितला नाही. दुसरा असता तर दुपारपर्यंत साऱ्या गाईडांना माहीत झालं असतं.

त्या दिवशी घरी येऊन मी मोबाईलवर शोधलं. एका व्हिडिओत एक मुलगी भेटली, तिचं पोट पाटीसारखं सपाट. ती म्हणत होती, रोज करा, एक दिवसही चुकवू नका, महिन्याभरात फरक बघा. पाठीवर झोपायचं, गुडघे दुमडायचे, हात डोक्यामागे घ्यायचे आणि उठायचं. सकाळची आणि दुपारची फेरी यांच्यामध्ये मला तीनेक तास मिळत. लेकरं झोपली की मी मधल्या खोलीत चटई टाकायची. पन्नासपासून सुरुवात केली. पंधरा दिवसांत शंभर, मग दीडशे, मग दोनशे. रविवार नाही की मंगळवार नाही. मंगळवारी जंगलाला सुट्टी असते, तेव्हा तर मी दोनदा करायची.

सासूबाई दाराच्या चौकटीला टेकून बघत राहायच्या.

"काऊन अशी उठून-पडून राह्यली वो? पोट दुखते का?"

"नाई आई. पोट कमी करून राह्यली."

"पोट असं उठल्यानं कमी होते?" त्या हसल्या. "मंग मी तं जन्मभर धानाच्या रोवण्यात वाकली, माह्यं काऊन नाई झालं?"

मी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. लक्ष द्यायला हवं होतं.

नवरा एका रिसॉर्टमध्ये स्वयंपाकी आहे. तो भला माणूस. म्हणाला, "तुले कोण काय म्हणलं? मले तं काही दिसत नाई." मी त्याला आजीबाईंची गोष्ट सांगितली नव्हती. सांगितली असती तर त्याला वाईट वाटलं असतं, आणि मग मला त्याची समजूत घालत बसावं लागलं असतं.

दीड महिना झाला. पोट कमी झालं नाहीच, उलट एक विचित्र गोष्ट दिसायला लागली. उठताना पोटाच्या मधोमध, छातीपासून बेंबीच्या खालपर्यंत, एक लांबट उंचवटा वर यायचा. तलावाच्या काठावर मगर पडून असते, तिच्या पाठीसारखा. झोपले की परत आत. मला वाटलं, हाच तो स्नायू, तयार होऊन राहिलाय. मला आनंदच झाला. कंबर दुखायची, पण व्यायाम म्हटलं की दुखणारच, असं मी स्वतःला सांगत होते.

मग एका दुपारच्या फेरीत बांबूच्या दाट रांजीमागे अस्वल दिसलं. पर्यटकांना दाखवायला मी झटकन मागे वळले आणि कमरेत असं काही धरलं की श्वासच अडकला. अस्वल निघून गेलं. सगळे फोटो बघत होते आणि मी दांडी धरून तशीच, अर्धी वळलेली. गेटवर आल्यावर मला गाडीतून उतरता येईना. त्याच ड्रायव्हरनं आणि एका गाईड बाईनं मला धरून उतरवलं.

दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं बसनं चंद्रपूरला नेलं. स्टँडवरून ऑटो करून दवाखान्यात. डॉक्टरांनी तपासलं, गोळ्या दिल्या आणि व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमकडे पाठवलं. मॅडम तिशीच्या, धानोऱ्याकडच्या. आमच्यासारखंच बोलत होत्या, त्यामुळे मला धीर आला. आजीबाईंची गोष्ट मी पहिल्यांदाच कोणाला सांगितली, ती त्यांना. त्या हसल्या नाहीत.

त्यांनी मला टेबलावर झोपवलं, डोकं जरासं उचलायला सांगितलं आणि बेंबीच्या वर बोटं आडवी ठेवली.

"तीन बोटं," त्या म्हणाल्या. "बाळंतपणात पोटाचे दोन्हीकडचे स्नायू मधातून फाकतात. बऱ्याच जणींचे आपोआप जवळ येतात, काहींचे नाई येत. तुमचे नाई आले. तुम्ही रोज किती करत होत्या म्हणता?"

"दोनशे."

त्यांनी डोळे मिटले. "बाप्पा."

"मंग मॅडम, रोज किती करू?"

"रोज नाईच. आणि हे उठणं तं सध्या बिलकुल नाई. धानाच्या बांधीची पाळ फुटली असली तं तुम्ही तिच्यात आणखी पाणी सोडान का? आधी पाळ बांधान ना?"

मग त्यांनी मला श्वास शिकवला. मला श्वास घेता येत नाही हे वयाच्या चौतिसाव्या वर्षी कळलं. श्वास सोडताना बेंबी हळूच पाठीकडे ओढायची, खालून वर, ओच्याला गाठ मारल्यासारखी. मग तसंच धरून एक टाच पुढे सरकवायची, परत आणायची. दहा वेळा. त्यात घाम येत नव्हता, दम लागत नव्हता. मला वाटलं, यानं काय होणार?

"हे एक दिवस आड. आठवड्यातून तीनदा झालं तं बस," त्या म्हणाल्या. "स्नायू मेहनत केल्यानं थकते, आराम केल्यानं भरते. रोज थकवून राह्यल्या तं भरंन कधी? आणि एक गोष्ट खरी सांगते, राग मानू नका. पोटाचा व्यायाम केला म्हणून पोटावरचीच चरबी जात नाई. ती साऱ्या अंगाची मिळून कमी होते. त्याच्यासाठी चाला, आणि ताटात भात किती घेता ते पाहा."

आमच्याकडे सकाळी भात, रात्री भात. बाहेर बाकड्यावर बसलेल्या नवऱ्याला मी म्हणाले, "मॅडम म्हणते भात कमी करा." तो स्वयंपाकी माणूस, त्यानं असं बघितलं जसं कोणी त्याच्या नोकरीवर उठलंय.

घरी आल्यावर सासूबाईंनी सगळं खोदून खोदून विचारलं. मी चटईवर झोपून त्यांना दाखवलं, बोटं कशी ठेवली, डोकं कसं उचललं. त्यांनी नीट बघून घेतलं. मग उठून दार लोटलं आणि माझ्या बाजूला येऊन चटईवर आडव्या झाल्या.

"माह्यं पाहा बरं."

मी हसत हसत हात ठेवला. माझी चारही बोटं आत गेली आणि तरी जागा उरली. त्यांनी डोकं उचललं तसा बेंबीच्या वर एक गोळा टरारून आला, लिंबापेक्षा मोठा. मी हात मागे घेतला.

"आई, हे कधीपासून?"

"चौथ्या बाळंतपणापासून. तवा एवढा नव्हता, बोराएवढा होता."

त्यांचं चौथं मूल म्हणजे माझा नवरा. तो अडतीस वर्षांचा होता.

त्या छताकडे बघत सांगत गेल्या. रोवण्याचे दिवस होते, बारा दिवसांच्या बाळंतीण असताना त्या चिखलात उतरल्या. गोळा आला तेव्हा गावच्या एका बाईनं तेल लावून चोळून दिला, म्हणाली, गोळा सरकला. पुढे त्या लुगड्याची गाठ बरोबर त्याच्यावर बांधायला लागल्या, म्हणजे तो दाबून राहायचा. खोकला आला की हातानं धरायचा. मोहाच्या टोपल्या, सरपणाचे भारे, पाण्याचे गुंड, सगळं त्यांनी त्या गाठीवर उचललं. कोणाला सांगितलं नाही.

"काऊन नाई सांगितलं?"

"काय सांगू? पोट कोणाचं दिसत नाई का? मले वाटलं सगळ्या बायांचं असंच राह्यते."

मला रडू आलं. मी दीड-दोन महिने त्यांच्या डोळ्यांपुढे तशी उठत-पडत होते आणि त्या चौकटीला टेकून, हात पोटावर ठेवून बघत होत्या. तो हात तिथे का असतो, हे मला एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं.

त्यांना दवाखान्यात न्यायला मला तीन आठवडे लागले. "आता या वयात पोट कोणाले दाखवू?" हे एकच वाक्य. मी मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, हर्निया असू शकतो, आतडं अडकलं तर जिवावर बेतेल, घेऊनच या. शेवटी मी नवऱ्याला सांगितलं. तो आईच्या पायाशी बसला आणि लहान पोरासारखा म्हणाला, "माह्या वेळचं होय ना ते? मंग माह्यासाठी चल." त्या उठल्या आणि पातळ बदलायला आत गेल्या.

ऑपरेशन झालं. आत जाळी बसवली. सर्जननी सांगितलं, हे मोठं होतं, बरं झालं आणलं. पाच दिवस मी त्यांच्याजवळ वॉर्डात राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांना पहिल्यांदा चालवलं तेव्हा सवयीनं त्यांचा हात पोटावर गेला, तिथे पट्टीशिवाय काही सापडलं नाही. त्या थबकल्या. म्हणाल्या, "गेला वो," आणि कोणी ओळखीचं माणूस गेल्यासारखं तोंड झालं त्यांचं.

वजन उचलायला त्यांना मनाई होती. त्या वर्षी मोह वेचायला त्या गेल्या नाहीत आणि त्यावरून त्यांनी मला भरपूर बोलणी ऐकवली. पुढे डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर मॅडमनी त्यांनाही श्वास शिकवला. सोमवार, गुरुवार, शनिवार. दुपारी आम्ही दोघी चटया टाकतो. मी एखादा दिवस जास्तीचा करायला निघाले की त्या ओरडतात, "आज आरामाचा दिवस होय! भरू दे त्याले!"

माझं म्हणाल तर आठ महिन्यांनी तीन बोटांचं दीड झालं. कंबर दुखत नाही. पँटचा जोडलेला तुकडा मी उसवला, एक वाटी भात कमी केला, आणि गेटपर्यंत आता गाडीवर न जाता चालत जाते. पोट सपाट झालं नाही. बेंबीखाली मऊ वळी आहे, ती राहील असं मॅडमनी आधीच सांगितलं होतं. ती आहे म्हणून मी आता कोणापासून लपत नाही, पण आवडते असंही म्हणणार नाही.

परवा दुपारी मी फेरीवरून लवकर आले. घरात सामसूम होती. सासूबाई चटईवर पालथ्या झोपल्या होत्या, गाल हातावर, घोरत. गोळ्यामुळे त्यांना तसं कधी झोपताच यायचं नाही, हे त्यांनी मला वॉर्डात सांगितलं होतं. धाकटी त्यांच्या पाठीवर बसून त्यांच्या केसांत बाहुलीचा कंगवा फिरवत होती. मी तिला खाली उतरवायला गेले तेव्हा त्या डोळे न उघडताच म्हणाल्या, "राहू दे."